कानाच्या उंचीवर

किनवटच्या लाकूड डेपोत
मी सागाचे ओंडके टकटकून बघते,
कलिंगड बघतात तसे.
विश्वंभर पांचाळ हसतात.
"आवाजावर जाऊ नका, मॅडम. लाकूड खोटं बोलतंय.
वास घ्या."

बियाणींना एका छताखाली दोन गोष्टी हव्यात.
डावीकडे स्नानघर, तेलमालिश, वाफ.
उजवीकडे मोहाची बिअर, काचेमागं तांब्याचे हंडे,
फेस येताना पाहुण्यांना दिसला पाहिजे.
आणि सगळं लाकडी. सिमेंट दिसलं तर फी कापीन, म्हणाले.
हैदराबादची माणसं शनिवारी येतील,
अंग शेकतील, मग पितील,
किंवा उलट.

उलट चालणार नाही, मी वहीत लिहिलं.
प्यालेल्या माणसाला वाफेत बसवू नये.
म्हणून नकाशात वाट एकाच दिशेची:
चपला, पाणी, वाफ, ओसरी, पेला.
पेल्यानंतरचं दार फक्त बाहेर उघडतं.

जागा पैनगंगेपासून दोन कोसांवर,
जिथं जमिनीतून ऊन पाणी येतं.
गावात त्याला उन्हाळं म्हणतात,
हिवाळ्यातसुद्धा.
पाण्याला गंधकाचा वास.
तो बिअरमध्ये उतरता कामा नये,
आंबवणाचा वास मालिशच्या खोलीत शिरता कामा नये,
वाफ सागात मुरता कामा नये.
नांदेडला, रात्री दोन वाजता,
मी या तीन 'नये'च्या मधोमध एक भिंत काढते,
खोडते.
रबराचा चुरा फुंकरीनं उडवते, तो चहात पडतो.

मग पांचाळांनीच सांगितलं, फोनवर, जेवता जेवता:
एक नको, दोन भिंती करा,
मधी दोन बोटं जागा सोडा.
"श्रावणात लाकूड फुगतंय, चैतात आकसतंय.
त्याला अंग टाकायला जागा नसली
की कूस फुटती."
मी विचारलं, खिळे?
पलीकडे घास थांबला.
"खिळे मारायचे तर मला कशाला बोलावलं?"

बंगळुरूहून एक मुलगा आला, ब्रिजेश,
पाठीवर पिशवी, पिशवीत तीन थर्मामीटर.
फुलं किती दिवस भिजत ठेवायची, त्यानं विचारलं.
कुणीच बोलेना.
सगळे राजुबाई कुमरेंकडे मात्र बघायला लागले.

"मला काय माहीत? मी सोडलं."
दोन मडक्यांपायी तिला जीपमध्ये घातलं होतं,
कोर्टाच्या सात तारखा,
मडकी अजून तिथंच, मुद्देमाल म्हणून.
तिनं आमच्या हंड्यांची चित्रं पाहिली,
बोटानं मोजली. सहा.
"आता फुलाला लायसन मिळालं व्हय?"

बियाणी मोबाईलमध्ये बघत राहिले.

तरी ती उठली.
ब्रिजेशच्या नमुन्याच्या पिंपाशी खाली बसली,
पदर मागं सारून पिंपाला कान लावला.
आम्ही सगळे गप्प.
बाहेर एक बकरी माझा टेप चघळत होती.
"उद्या नाही. परवा, पहाटं.
आतली कुजबूज थांबली की लगेच.
उशीर केला तर आंबट."
ब्रिजेशनं थर्मामीटर पुसून खिशात ठेवला.

नकाशाच्या कोपऱ्यात सल्लागारांची नावं असतात.
तिचं लिहू का, मी विचारलं.
नको म्हणाली.
"कागदावर नाव आलं की जीप येती."
मग उन्हाळ्याच्या काठावर बसून
तिनं पाय पाण्यात सोडले, कितीतरी वेळ,
फुकट,
बांधकाम सुरू होण्याआधी.

नाव नाही लिहिलं.
पण आंबवणाच्या खोलीच्या आतल्या भिंतीत
प्रत्येक हंड्यासमोर एक झडप काढली आहे,
वीतभर, सागाची, चामड्याच्या बिजागरीची,
जमिनीपासून सव्वीस इंचांवर.
बसल्यावर तिचा कान तिथं येतो. मी मोजून घेतलं.

हे काय, बियाणींनी बोट ठेवलं.
हवा खेळायला, मी म्हटलं.
पांचाळ तेव्हा पटाशीला धार लावत होते.
त्यांनी वर पाहिलं नाही.
"लागतीच," म्हणाले.