दुसरा ब्रेक

माझ्या बाजूलाही एक ब्रेक आहे,
शिकाऊ गाडीला असतो तसा.
सत्तावीस वर्षं तो माझ्या उजव्या पायाखाली.
कुठलीही चप्पल घ्या, आधी तिथंच झिजते.

धुळे. मे महिना, सव्वाअकरा.
आग्रा रोडच्या सिग्नलला लाल आकडा, ब्याऐंशी.
स्टिअरिंगवर कुमुदिनी अहिरराव,
सिव्हिलमधून मार्चअखेर रिटायर झालेल्या सिस्टर.
आज नववा दिवस.
डावा इंडिकेटर टिकटिकतोय.
खांबावर पाटी: सिग्नल मिळाल्यावरच डावीकडे वळा.
पाटीवर कुणी क्लासची जाहिरात चिकटवलीय,
नेमका 'च' झाकला गेलाय.

अठ्ठ्याहत्तर.
पहिला हॉर्न नुसता खाकरतो.
दुसरा काळीपिवळीचा, सोनगीरची सीटं भरून कंटाळलेला.
तिसरा छोट्या हत्तीचा, लग्नातली धून.
मग सगळे मिळून,
जणू आमच्या डिकीतच त्यांचं कुणी कोंडलंय.

बाईंची मान खांद्यांत शिरते.
मला ही मान ओळखू येते.
माझीही शिरली होती एकदा,
पारोळा रोडला, पोळ्याच्या आदल्या दिवशी.
मागं एक ट्रॅव्हल्स, नुसती वाजवत होती.
मी क्लच सोडला. वळलो.
उजवीकडून सायकल, दुधाचे दोन कॅन,
वर पंधरा वर्षांचं पोर.
पोर वाचलं. गुडघा नाही वाचला.
दूध डांबरावरून माझ्या टायरखाली आलं
आणि ती ट्रॅव्हल्स
दुधाला वळसा घालून, सावकाश,
एकदाही हॉर्न न वाजवता
निघून गेली.

हे मी शिकवताना सांगत नाही.
शिकवताना म्हणतो, आरसा बघा, न्यूट्रल करा,
मागच्याला आपली पाठ दिसते,
वळणापलीकडचं दिसत नाही.
वगैरे.

एकावन्न.
बुलेटवाला काचेशी येतो. तोंडाला रुमाल, फक्त डोळे.
"मावशी, झपी ग्यात का?"
"लाल शे ना भाऊ."
"लेफ्ट ल्या ना, कोन देखस?"
"मी देखस."
तो हसतो, काहीतरी पुटपुटतो,
फुटपाथवर चढून
रसवंतीच्या बाकाला घासत निघून जातो.

खरं सांगू?
हॉर्न मलाच जास्त लागत होते.
जीभ टाळ्याला टेकली होती, म्हणायला,
जाऊ द्या बाई, घ्या हळूच.
बाई मात्र हँडब्रेक ओढून
पदरानं चष्मा पुसत बसल्या.
"वॉर्डात ना सर," त्या म्हणाल्या,
"सगळ्यात मोठ्यानं हाका मारणारा
बहुतेक वेळा सगळ्यात आजारी नसायचा.
जायचंच त्याच्याकडे. पण आधी
गप पडलेल्याकडे."

आमच्या बॉनेटसमोरून
एक बाई हातगाडी ढकलत गेली.
गवतावर रचलेले माठ,
तिनं मान वर केली नाही.
माठ एकमेकांना लागून बारीक किणकिणत होते.
एवढ्या गोंगाटात ते कसं ऐकू आलं
कोण जाणे.

नऊ. आठ.
बाईंनी गिअर टाकला, ओठ मिटले.
हिरवा.
आणि गाडी बंद पडली.
क्लच लवकर सुटला,
नवव्या दिवशी सुटतोच.
मागं अख्खा आग्रा रोड पेटला.
बाईंनी चावी फिरवली. परत फिरवली.
"वाजू द्या सर," म्हणाल्या,
"आते त्यास्ना हक शे."

गाडी थरथरली, वळली,
निंबाच्या सावलीत आली.
तेव्हा मी खाली बघितलं,
माझे दोन्ही पाय
मॅटवर होते.