निर्धाव

माझं अक्षर बरं, म्हणून गुणवही माझ्याकडे.
केरीच्या कापणी झालेल्या शेतात
एक टेबल, एक छत्री,
टेबलाचा चौथा पाय चिऱ्याच्या तुकड्यावर.
बांधापलीकडून काजूच्या बोंडांचा आंबूस वास,
आणि पाण्याच्या बाटल्यांतून फिरणारं
पाणी नसलेलं काहीतरी.

पर्येवाल्यांच्या एकशे सोळा.
आमचे अठ्ठावीसवर पाच.
विकेटी मी लाल पेनाने लिहिते;
पेन खरडायला लागलं होतं.

तेव्हा सगुण गावस आला.
वीज खात्यातला, मीटर वाचणारा.
पॅड दुसऱ्या कुणाचे, गुडघ्याच्या वर गेलेले.
येता येता वाटेतलं एक ढेकूळ
त्याने बॅटीने बाजूला सारलं,
घरचं अंगण असावं तसं.

समोर विश्वंभर. तीन बळी घेऊन तापलेला.
पहिला चेंडू. टिंब.
दुसरा. टिंब.
तिसरा बोटांवर आदळला.
सगुणने ग्लोव्ह काढला, हाताकडे पाहिलं,
परत घातला. टिंब.
बांधावरून कुणीतरी, "मार रे! न्हिदला काय?"
चौथा त्याने सोडला,
ओळखीच्या कुत्र्याला दारातून जाऊ द्यावं तसा.
पाचवा. सहावा.
लाऊडस्पीकरवरच्या दिगंबरकडे टिंबासाठी शब्द नसतो.
त्याने साखळीच्या फर्निचरवाल्याची जाहिरात वाचली,
मग पुन्हा वाचली.

मी सहा टिंबं रेघांनी जोडली.
निर्धाव षटक वहीत असंच लिहितात.
त्या पानावर दुसरं काहीच सुबक नव्हतं.

दहाव्या ओव्हरला विश्वंभर परत.
त्याच्या कप्तानाला घाई होती, लोकांना होती,
आमच्या पोरांना तर जास्तच.
सगुणने एकच धाव घेतली, शेवटच्या चेंडूवर,
आणि विश्वंभरचा कोटा संपला.
हे कुणी ओरडून सांगितलं नाही.
मी समासात पेन्सिलीने लिहिलं: विश्वंभर संपला.
असं लिहायचं नसतं.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे.
कृष्णनाथच्या बावीस चेंडूंत अडतीस,
माडाच्या मुळाशी हरवलेला चेंडू,
शेवटच्या ओव्हरला नऊ हवे.
सगुणचं पुन्हा एक टिंब (शिव्या, आईपर्यंत),
मग हळूच ढकलून एक.
मग रोहिदास. एक हुकला, एक षटकार,
एक चौकार थेट लाऊडस्पीकरच्या वायरीवर,
दिगंबरचा आवाजच गेला.

रोहिदासला खांद्यावर घेतलं.
रोहिदासला मिक्सर.
सगुण गावस, नाबाद चोवीस, चेंडू सेहेचाळीस.
तो यष्ट्या उपटून पोत्यात भरत होता,
डाव्या हाताने.

हे डाव्या हाताचं तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मे महिन्यात तो आमच्याकडे मीटर वाचायला आला.
पायरीवर उभा राहून आकडा लिहिला,
पेन तर्जनी आणि मधल्या बोटात धरून.
अंगठा बाजूला, नख काळं, मुळाशी नवं येणारं.
मी वही आठवली. आठवी ओव्हर, तिसरा चेंडू.
म्हणजे त्यानंतरचे त्रेचाळीस चेंडू
खालच्या हाताने बॅट नुसती टेकवलेली.

मग ते शांतपण होतं, की मारता येत नव्हतं म्हणून?
विचारणार होते. जीभ अडली.
येत असतं तर त्याने मारलं असतं का,
हे वहीत कुठेच सापडत नाही.
टिंबं मात्र तेवढीच राहतात,
एकाखाली एक, आणि त्यांच्या जिवावर उभी
लाल पेनाची मोकळी जागा.

पाणी विचारलं. घोटभर प्याला.
"दोनशे सोळा युनिट," म्हणाला.
"मागल्या दारचा दिवा दिवसा पेटत असतो, बघा."