हनुवटी

कार्सच्या फोटोवाल्यानं तिसऱ्यांदा सांगितलं,
"पोरी, हनुवटी खाली."
शाहिंदेनं घेतली खाली,
तसा फोटोवाला गेला, दिवा गेला,
उरले स्वतःचे बूट.

गर्भातच एक नस निघाली होती
डोळ्याच्या स्नायूकडे. पोचली नाही.
तेव्हापासून पापण्या
अर्ध्यावर अडकलेल्या शटरसारख्या.

गावात म्हणतात, या घराण्याला भारी ताठा.
आजा तसाच गेला,
बाप मान वर करूनच चीज विकतो.

तो बाप आता पुढं आला, हनुवटी तश्शीच.
"ओळखपत्राला चेहरा लागतो ना?
मग हाच आहे."

क्लिक.
फोटोत दोन नाकपुड्या ठळक,
आणि पापण्यांखालच्या फटीत, बारीकसा,
अख्खा फोटोवाला.