कोपरे नसलेलं पिंप

पिंप ऑलिव्हचं होतं.
ओशनसाइडच्या मिशन अव्हेन्यूवरच्या एका खानावळवाल्यानं फुकट दिलं,
वर म्हणाला, वास जाणार नाही हं.
गेला नाही.
तीनदा सोडा, दोनदा ऊन, एकदा व्हिनेगर,
तरी झाकण काढलं की
कुणाच्या तरी जेवणाचा वास येतो.

चौकोनी डबा नको,
हे मला पहिल्याच खेपेला कळलं.
बर्फाची पेटी होती ती, चांगली महागातली.
तारल्या कोपऱ्यात शिरून अडायच्या,
भिंतीवर नाक घासत राहायच्या, लाल होईस्तोवर,
जणू पलीकडून कुणी दार उघडणार आहे.
तासाभरात बारा उताण्या.
गोल भांड्यात मासा फसतो.
त्याला वाटतं आपण कुठेतरी चाललोय.

सत्तावीस वर्षं मी डायलिसिसच्या खोलीत काढली.
आत जाणारी नळी, बाहेर येणारी नळी,
मधे माणूस.
त्यामुळे पंप बसवताना कुणाला विचारावं लागलं नाही.
पाणी खालून आत, भिंतीला तिरकं,
वरच्या भोकातून बाहेर, परत समुद्रात.
आपलंच मुतलेलं पाणी मासा फार वेळ सोसत नाही.
फेस धरला की समजायचं, आत गर्दी झालीय.
भोक मात्र मी आधी दोन बोटं वर पाडलं होतं,
तेवढ्या जादा पाण्यानं कयाक पहिल्याच लाटेला कलंडली,
आणि तारल्यांच्या आधी मी समुद्रात.

खुर्ची नंबर चारवर मिसेस लिंडक्विस्ट असायच्या,
सोम, बुध, शुक्र.
सुई टोचताना एकदा म्हणाल्या,
तुम्ही मला इतकं ठणठणीत ठेवता,
नक्की कुणासाठी?
मी हसले. त्याही हसल्या.
मशीनचा आकडा बघायचं निमित्त करून मी वळले.

पहाटे साडेपाचला बंदरातल्या तराफ्यावर
एफ्रेन जाळीनं तारल्या काढतो.
त्याच्या पाठीमागे समुद्रसिंहांचं भांडण चालू,
कुणाची जागा कुणी बळकावली यावर.
तो विचारतो, किती?
मी सांगते, वीस.
तो चाळीस ओततो, म्हातारीवर मेहेरबानी म्हणून.
वीस मी परत करते. रोज हाच वाद.
त्याला वाटतं मी काटकसर करते.

हात आधी ओला करायचा.
कोरड्या हाताला खवले चिकटतात,
लग्नातल्या टिकलीसारखे, संध्याकाळपर्यंत निघत नाहीत,
आणि ती तारली पाण्यात सोडली तरी
मान टाकते.
पाणी तापलं तर गोठवलेली बाटली आत ठेवायची,
बूच घट्ट लावून. नळाचं पाणी त्यांना विष.

आणि मग, एवढं करून,
जी हाताला लागत नाही तीच निवडायची.
आपणहून तळव्यात येते ती कामाची नसते.
जी निसटते, चिडते, शेपटीनं मनगटावर मारते,
तिच्याच नाकपुडीतून गळ.
मी दरवेळी एक शब्द बोलते तिला.
काय, ते नाही सांगणार.

आज केल्पच्या कडेला एक यलोटेल लागला,
दहा मिनिटं कयाकला ओढत नेली त्यानं,
मग दोर तोडून गेला. चांगलं झालं किंवा नाही,
संध्याकाळी भात-आमटीच होती घरात.

तीन तारल्या उरल्या होत्या.
मांडीला लागून सकाळपासून घरघरणारा पंप बंद केला
तेव्हा समुद्र एकदम मोठा झाला.
ओल्या हातानं एकेक बाहेर सोडली.
दोन गेल्या, दिसल्यासुद्धा नाहीत.
तिसरी तिथेच, कयाकच्या सावलीत,
गोल फिरत राहिली,
पिंपाच्या घेराएवढंच.
पुढे सगळं पॅसिफिक पडलेलं.

मी वल्हं पाण्याबाहेर धरून थांबले.
मिनिटभर, किंवा बराच वेळ.
घड्याळ बॅटरीच्या डब्यात होतं.