छपरावरची हाक

माझ्याआधीची दोन गेली,
म्हणून आईने मला नाव ठेवलं 'कुत्र्याने टाकलेलं'.
भुताखेतांना वाटावं, ह्यात खाण्यासारखं काय आहे?
नदीच्या पार घाटापर्यंत ऐकू यायचं:
अरे टाकलेल्या, भात निवतोय!

विसाव्या वर्षी माझ्या डोक्यावर
काळ्या कापडाची टोपी चढली,
ती उतरवून हरणाच्या कातड्याची,
तीही उतरवून तांबूस-काळी, सणाची.
मग पांढऱ्या दाढीच्या शुआनकाकांनी
कागद उलगडून नवं नाव वाचलं:
बोलान. थोरली लाट.
बरोबरीच्यांनी आता हेच घ्यायचं,
जुनं फक्त वडीलधाऱ्यांच्या तोंडी.

मी आईपुढे वाकलो.
तीही माझ्यापुढे वाकली. रीतच तशी.
तिच्या अंबाड्यातला हाडाचा आकडा
तेवढा सैल झाला,
तो तिने घाईघाईने आत खोचला.
पंधराव्या वर्षी तो कुणी खोवला,
आणि सोबत कोणतं नाव दिलं,
हे विचारायचं मला सुचलंही नाही.

वंशावळीत ती 'झान घराण्याची'.
गल्लीत 'बोलानची आई'.

ती गेली त्या पहाटे कौलांवर दव गोठलं होतं.
हाक मारणारा तिचा निळा अंगरखा घेऊन
शिडीवर अर्धा चढला आणि थांबला.
पुरुषाचा जीव जन्मनावाने बोलवायचा,
बाईचा आकड्याबरोबरच्या नावाने.
काय होतं ते?

चौदा पिढ्यांची नावं मला तोंडपाठ.
मी शिडी धरून उभा.
वडील खोकत राहिले.
शेवटी चुलीपाशी बसलेली मावशी,
राखेचे हात तसेच ठेवून,
म्हणाली: युनशी.
बांबूबनातला ओढा.

त्याने उत्तरेकडे तोंड करून
तीन वेळा हाक दिली:
ये गं युनशी, परत ये.
पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकलं.
अंगरखा वाऱ्यात फुगला, पडला.
बाकी काही नाही.

तेव्हाच काय ते माझ्या कानी पडलं.
मेलेल्या आईचं नाव मुलाने उच्चारू नये,
लिहूही नये.
त्यामुळे आता पाटाच्या हिशेबात,
गवताच्या करारात,
कुठेही 'ओढा' लिहायची वेळ आली
की मी शेवटची रेघ सोडतो.

कारकून म्हणतात, बोलानसाहेब, अक्षर अर्धं राहिलंय.
राहू दे म्हणतो.

टाकलेल्या म्हणून
आता कुणी बोलवत नाही.