जरीची माशी

चैत्र लागला की नाथसागर मागं सरतो,
जेवून उठलेल्या पंगतीसारखा
खरकटं तिथंच टाकून:
शिंपले, दारूची बाटली, कुणाच्या शेताचा बांध,
बांधावर बाभळीचं काळं खोड.

त्या बांधावर गुडघाभर पाण्यात
लुंगी खोचून दस्तगीर मामू उभा.
हातात काठी, बोटाएवढी बारीक,
वाऱ्यानं वाकंल अशी.

अठरा वर्षं मस्कतच्या गोदीत त्यानं रंधा मारला.
तिथला एक साहेब शुक्रवारी त्याला
उथळ समुद्रात न्यायचा, शिकवायचा:
काठी मागं एकावर थांबव,
दोरी पाठीमागं सरळ होऊ दे,
मग पुढं, दहावर.
मामूच्या मनगटात तेच घड्याळ आहे अजून.
पैठणात आणलेलं बाकी सगळं विकलं,
टेपसुद्धा.

आम्ही भोई, जाळ्याची माणसं.
बापानं मासा किलोत मोजला, मीही.
"मामू, एका गळाला एक मासा,
ह्यात चूल कामून पेटंल?"
"चूल्हे के लिए तेरा जाल है ना, बालाजी,"
म्हणाला, आणि डबी उघडली.

डबीत माश्या. पाय कोंबड्याच्या मानेच्या पिसाचे,
पोट जरीचं.
भाची शमीम मागावर बसते,
पदरावरचे मोर विणून झाले की
तुटकी टोकं मामूसाठी राखते.
मोर कुण्या नवरीच्या खांद्यावर जातो,
उरलेला दोरा माशाच्या तोंडात.

फेकायच्या आधी मामू ओंजळीत पाणी घेतो,
जिभेला लावतो, थुंकतो.
रोज.
मी विचारायचं सोडून दिलंय.

त्या सकाळी दोरी उलगडली
पीठ मळताना बाईनं बांगडी मागं सारावी
एवढ्या सहज,
आणि खोडाच्या सावलीत माशी टेकली.
एक. दोन.
पाणी फुगलं, फाटलं,
काठीचा कोयता झाला.
मामू ओढत नव्हता. जाऊ देत होता,
परत बोलावत होता,
रुसलेल्या पोराला बोलावतात तसं.

मरळ होती. अडीच किलो सहज.
माझ्या डोक्यात बेरीज होऊन गेली
चारशेच्या भावानं.

मग मला दिसलं: खोडापाशी पाण्यात
शेंदरी ठिपक्यांचा घोस,
वर येतोय, खाली जातोय,
कुणाला तरी शोधतोय.
मामूलाही दिसलं.
त्यानं हात आधी पाण्यात भिजवले,
गळ सोडवला. त्याला काटा नव्हताच,
पकडीनं आधीच दाबलेला.
मरळीचं तोंड घोसाकडं करून
धरून राहिला, शेपूट हलेपर्यंत.

मी म्हणालो, "हजार रुपये गेले, मामू."
त्यानं बोटं चाटली.
"नमक नहीं," म्हणाला. "बाकी सब वही."

जाताना एक माशी माझ्या सदऱ्याला टोचली,
न विचारता.

संध्याकाळी आम्ही जाळं ओढलं.
चिलापी, कटला, थोडी वाम.
बायको म्हणाली, कुणाच्या लुगड्याचा धागा हा?
सांगत बसलो नाही.
हिशोबाच्या वहीत टोचून ठेवलाय तो.
बेचाळीस किलो, खाली तारीख,
आणि कागदाला
एक बारीक भोक,
पलीकडच्या पानापर्यंत गेलेलं.