चढायला तेल, उतरायला वजन

ट्रॉली स्वीडनहून आली, बोटीतून, मातीमोल भावात.
तिच्या पोटातला विजेचा पंप केव्हाच मेलेला,
बॅटरी फुगलेली, वायरी उंदरांनी सोललेल्या.
"काढून टाक सगळं," एन्डेल म्हणाला,
"ट्रॅक्टरपाशी स्वतःचं तेल आहे. उसनं घे."

ट्रॅक्टर माझ्या सासऱ्यांचा बेलारूस,
सामूहिक शेत मोडलं तेव्हा वाटणीत आलेला,
एके काळी निळा होता म्हणे.
त्याच्या पाठीशी दोन पितळी तोंडं,
एक द्यायचं, एक परत घ्यायचं.
ट्रॉलीला मात्र एकच नळी.
दुसरी शोधत मी चिखलात ओणवी झाले
आणि एन्डेल हसला, उरलेले चार दात दाखवत.
"नाहीच ती, वाइके. हा दांडा फक्त ढकलायला शिकलाय.
खाली आणायचं काम वजनाचं."

रशियन आटे, स्वीडिश टोक.
जमवणारा तुकडा कुरेसारेच्या दुकानात मिळाला,
मुठीत मावणारा, किंमत ऐकून मी तो दोनदा परत ठेवला.

मग एन्डेलने सिगारेटच्या पाकिटावर हिशेब मांडला,
दांड्याची जाडी, लांबी, शाळेतलं ते बावीस सप्तमांश.
नऊ लिटर.
ट्रॉली पूर्ण उभी राहील तेव्हा
ट्रॅक्टरच्या अंगातून नऊ लिटर गेलेले असतील.
"तेल बघायचं ते ट्रॉली खाली असताना.
वर असताना कमी दिसलं म्हणून ओतलंस,
तर उतरताना तेच तुझ्या तोंडावर येईल."
हे तो पट्टी पुसत म्हणाला, माझ्याकडे न बघता.
त्याच्या डाव्या हाताला तर्जनी नाही.
फाटक्या नळीतून सुईसारखी धार आली होती एकदा.
भोक दिसलंसुद्धा नाही, म्हणतो,
दुसऱ्या दिवशी हात भोपळ्याएवढा.

आमच्या बेटावर दगड पेरावे लागत नाहीत.
थंडीत जमीन गोठते, फुगते,
आणि खालचा एकेक दगड वर ढकलते,
बोटभर ह्या वर्षी, बोटभर पुढच्या.
एप्रिलमध्ये मी शेतात जाते तर
मागच्या वर्षी वेचलेल्या जागी नवे,
ओले, टकले, निवांत.
चाळीस वर्षं मी ते हातांनी उतरवले.

तर पहिली खेप. लिव्हर ओढला.
इंजिनाचा आवाज खोल गेला, जसा ओझं उचलताना माणसाचा जातो.
ट्रॉलीने एक गचका दिला, थांबली, पुन्हा गचका.
"हवा आहे आत. खाली घे. पुन्हा."
तिसऱ्यांदा ती एका श्वासात उठली
आणि दगड घरंगळले,
अख्खी सकाळ वेचलेले, दहा मोजायच्या आत.
मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

पण मग ती उतरेना.
लिव्हर मोकळा, वाट मोकळी,
तेल थंडीने दाट झालेलं, आणि ट्रॉली रिकामी.
उतरायलाही काहीतरी लागतं अंगात.
मी वाकून बघायला निघाले
तर एन्डेलने कॉलर धरून मागे ओढलं,
साठी उलटलेल्या बाईला, पोरासारखं.
बर्चचा ओंडका टेकू दिला तरी म्हणाला, "खाली नाही. कधीच नाही."

मग आम्ही उलट्या बादल्यांवर बसलो.
थर्मासातली कॉफी, राईची भाकरी, खारवलेला मासा.
डोक्यावर पत्र्याचं ते मोठं रिकामं तळवट,
आभाळाकडे तोंड करून.
त्याने ओंडका काठीने बाजूला सारला.
कुणी काही बोललं नाही.
भाकरी संपता संपता कुठेतरी सुस्कारा ऐकू आला
आणि ती यायला लागली,
इतकी हळू की आधी सावली हलली.

संध्याकाळी पट्टीवर तेल अर्धं बोट कमी.
जोडापाशी ठिबकत होतं.
एन्डेलने त्याखाली लोणच्याची रिकामी बरणी ठेवली,
म्हणाला, "रात्री पुन्हा गोठणार आहे,"
आणि सायकल घेऊन निघून गेला.